बाळंतपणाचे वर्ग कुठून आले?

पुण्या-मुंबईत सातव्या महिन्याच्या आसपास बाळंतपणाच्या वर्गाला नाव घालणं आता नवलाचं राहिलेलं नाही. श्वासाचे प्रकार, मोठ्या चेंडूवर बसून करायचे व्यायाम, नवऱ्यांसाठी एखादं सत्र आणि या सगळ्यावर 'पॉझिटिव्ह बर्थ' हे लेबल. यातला श्वास आपल्या प्राणायामातूनच आला असावा, असं अनेकांना वाटतं. पण या वर्गांत 'लमाझ' पद्धत म्हणून जे शिकवलं जातं ते युक्रेनमधलं खार्किव, पॅरिस आणि न्यूयॉर्क अशी वळणं घेत आलं आहे.

कळांवर उपाय म्हणून आधी आली ती भूल. 1853 मध्ये राणी व्हिक्टोरियाने बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला आणि प्रतिष्ठित घरांतली भुलीविरुद्धची कुरकुर कमी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये मॉर्फिन आणि स्कोपोलामाइन ही औषधं एकत्र टोचण्याची पद्धत निघाली. ती अमेरिकेत यावी म्हणून 1914 च्या सुमारास मोहीम काढली ती बायकांनीच. वेदनेतून सुटका हा आपला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात या औषधाने वेदना जात नव्हती, तिची आठवण पुसली जायची. बाई ओरडायची, हातपाय झाडायची, मग तिला पट्ट्यांनी बांधून ठेवायचे, आणि शुद्धीवर आल्यावर तिला यातलं काही आठवायचं नाही. हक्क म्हणून मागितलेल्या गोष्टीने तिला तिच्याच बाळंतपणातून बाहेर काढलं होतं.

1933 मध्ये ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने दुसरी बाजू मांडली. भीतीमुळे शरीर आखडतं, आखडल्यामुळे दुखतं आणि दुखण्यामुळे भीती वाढते, म्हणून बाईला काय होणार ते आधी सांगा आणि कळांमध्ये तिला एकटं सोडू नका, असं तो म्हणे. सुशिक्षित इंग्रज बायकांनी जास्त मुलं जन्माला घालावीत हाही त्याचा आग्रह होता, तेव्हा त्याला सरसकट स्त्रीवादी ठरवण्याची घाई नको.

पुढे सोव्हिएत संघात वेगळाच विचार चालू झाला. खार्किवमध्ये डॉक्टर वेल्वोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या सिद्धांताचा आधार घेतला: शरीराच्या प्रतिक्रिया सवयीने शिकता येतात. कळांची वेदना ही बरीचशी शिकलेली प्रतिक्रिया आहे, तेव्हा शिकवून ती बदलताही येईल, असं त्यांचं गृहीतक होतं. 1951 मध्ये ही पद्धत तिथे देशभर लागू झाली. भूल देण्याची साधनं अपुरी असलेल्या देशाला ती परवडणारीही होती. त्याच वर्षी फर्नांड लमाझ हा साठीला आलेला फ्रेंच डॉक्टर तिकडे गेला, एक प्रसूती डोळ्यांनी पाहिली आणि भारावून परतला. पॅरिसमध्ये धातूकामगारांच्या युनियनने चालवलेल्या प्रसूतिगृहात त्याने हे काम सुरू केलं आणि वेगवान, उथळ श्वासाची जोड दिली. कम्युनिस्ट युनियनचं हे प्रसूतिगृह कॅथलिक फ्रान्समध्ये वादाचा विषय न होतं तरच आश्चर्य. पण जानेवारी 1956 मध्ये खुद्द पोप बारावे पायस यांनी या पद्धतीत धर्माच्या दृष्टीने गैर काही नाही, असं सांगून टाकलं. रशियातून आली म्हणून ती नाकारण्याचं कारण नाही, हेही सांगितलं.

लमाझकडे बाळंत झालेल्या मार्जोरी कार्मेल या अमेरिकन बाईने 1959 मध्ये आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. 1960 मध्ये तिने एलिझाबेथ बिंग या फिजिओथेरपिस्टबरोबर न्यूयॉर्कमध्ये संस्था काढली. नवरा लेबर रूममध्ये येऊ लागला त्यात या चळवळीचा वाटा मोठा आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. स्वतः लमाझ बायकांची प्रतवारी करत असे: कोण किती तळमळली, किती ओरडली त्यावरून उत्कृष्टपासून थेट नापासपर्यंत. म्हणजे तयारी बाईने करायची, आणि दुखलं तर कमी पडली तीच. ही परीक्षा आजही संपलेली नाही. 'नॉर्मल' न होता सिझर झालेल्या कितीतरी बायका आपलंच काही चुकलं म्हणून खंतावतात, आणि हुशार बाळाची हमी देणारे गर्भसंस्काराचे काही वर्ग त्यात भरच घालतात.

बाई नव्हे, लेबर रूम कुठे कमी पडते, हा प्रश्न विचारायला बराच वेळ लागला. ग्वाटेमालात क्लाउस, केनेल आणि सोसा या डॉक्टरांनी 1980 मध्ये दाखवून दिलं, की कळांच्या काळात धीर देणारी एक बाई सतत जवळ बसली, तर बाळंतपण लवकर आणि कमी गुंतागुंतीने होतं. त्या बायका डॉक्टर-नर्स नव्हत्या, ओळखीच्याही नव्हत्या. पुढे 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने चांगल्या प्रसूती-अनुभवासाठी 56 शिफारसी केल्या. आवडीची सोबत, हालचालीची मोकळीक, खाणंपिणं, हवी असेल तिला भूल या गोष्टी त्यात आहेत. बाळाच्या वाटेला सरसकट छेद घेणं, एनिमा देणं, बाळ बाहेर यावं म्हणून पोट दाबणं नको, असंही आहे. गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना ठोकताळाही त्यांनी बाजूला सारला, कारण त्यापायी उगाच घाई होत होती.

आपल्याकडचा इतिहास उलट दिशेने चालला. इथे झगडा हॉस्पिटलपर्यंत पोहोचण्याचा होता. आनंदीबाई जोशींचं पहिलं बाळ दहा दिवसांत गेलं. पुढे 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर होताना त्यांनी प्रबंधासाठी प्रसूतिशास्त्रच निवडलं. त्याच वर्षी मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं. तरीही 1992-93 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली जेमतेम 26 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. 2019-21 मध्ये हा आकडा 88.6 टक्क्यांवर गेला, महाराष्ट्रात 94.7 वर, आणि राज्यात चारातलं एक बाळंतपण सिझरने होऊ लागलं. इतक्या वेगात सुरक्षितता वाढली हे खरंच मोठं काम आहे. पण घरी आई, मावशी, सुईण यांच्या गराड्यात असलेली बाई या घाईत लेबर रूमच्या दाराशी एकटी पडली.

ती सोबत परत देण्यासाठी केंद्र सरकारने 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांत एका बाईला जवळ थांबू द्यावं, असं ठरवलं. ती शक्यतो स्वतः बाळंत झालेली असावी. पडदे, आडोसा नीट असेल तिथे नवऱ्यालाही मुभा आहे. 2018 मध्ये प्रशिक्षित मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणाचं खास शिक्षण घेतलेल्या नर्स, घडवण्याचा निर्णय झाला. कागदावरची ही मुभा तुमच्या दवाखान्यात पाळतात का, कळांमध्ये चालू देतात का, भूल मागितली तर मिळते का, छेद घेण्याआधी विचारतात का, हे वर्गाची फी भरण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावं.