पोर्टेबल इम्युलेटर

जुन्या संगणकाची नक्कल करणारा इम्युलेटर, त्याचे रॉम (मूळ यंत्राच्या चिपमधल्या प्रोग्रॅमची फाइल), डिस्क इमेज (डिस्कची फाइलरूपातली प्रत) आणि सेटिंग्ज एकाच पेनड्राइव्हवर ठेवून, समोरच्या संगणकावर काहीही इन्स्टॉल न करता चालवण्याची पद्धत. प्रोग्रॅमचा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केला की तो बहुधा सुरू होतो, आणि तिथेच फसगत होते. प्रोग्रॅम चालतो पेनड्राइव्हवरून, पण सेटिंग्ज लिहितो त्या संगणकाच्या यूजर फोल्डरमध्ये किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या सामायिक नोंदवहीत. पेनड्राइव्ह दुसरीकडे जोडला की रॉम सापडत नाहीत, जॉयस्टिकची बटणे पुन्हा नेमावी लागतात आणि पहिल्या संगणकावर फायलींचा पसारा उरतो तो वेगळाच. म्हणून इम्युलेटर पोर्टेबल करणे म्हणजे मुख्यतः त्याच्या लिहिण्याच्या जागा पेनड्राइव्हवर आणणे.

सेटिंग्जची जागा

प्रत्येक इम्युलेटरची रीत निराळी आहे. अमिगा या जुन्या संगणकासाठीचा विनयूएई एरवी रजिस्ट्री वापरतो. त्याच्या एक्झी फाइलशेजारी त्याच नावाची आयएनआय फाइल असेल, तर सेटिंग्ज तिच्यात जातात. शिवाय ‘पाथ्स’च्या पानावर सापेक्ष पाथचा (ड्राइव्ह अक्षराऐवजी एखाद्या फोल्डरपासून मोजलेल्या पत्त्याचा) पर्याय निवडावा लागतो, नाहीतर जुने ड्राइव्ह अक्षर सेटिंग्जमध्ये तसेच चिकटून राहते. अमिगासाठीचाच एफएस-यूएई ‘पोर्टेबल’ नावाची आयएनआय फाइल शोधतो. डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या डॉसबॉक्सची ०.७४ आवृत्ती आधी चालू फोल्डरमध्ये (प्रोग्रॅम सुरू करताना ज्यात आपण असतो त्या फोल्डरमध्ये) ‘डॉसबॉक्स’ नावाची कॉन्फ फाइल आहे का ते पाहते आणि ती नसेल तरच यूजर फोल्डरकडे वळते. कमोडोर ६४ साठीच्या व्हाइसला ‘-कॉन्फिग’ हा स्विच (कमांडपुढे लिहायचा पर्याय) देऊन सेटिंग्जची फाइल नेमून द्यावी. अनेक इम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या रेट्रोआर्चमध्ये विसर्गासारख्या अपूर्णविरामाने सुरू होणारा पाथ म्हणजे प्रोग्रॅमचा स्वतःचा फोल्डर. आर्केड खेळयंत्रांसाठीच्या मेमचे काम सर्वात सोपे: त्याचे पाथ मुळातच सापेक्ष असतात.

सापेक्ष पाथ मोजला जातो तो बहुतेक वेळा चालू फोल्डरपासून, एक्झी फाइलपासून नव्हे. शॉर्टकटने किंवा दुसऱ्या फोल्डरातून प्रोग्रॅम उघडला की चालू फोल्डर बदलतो आणि सगळे पाथ चुकतात. उपाय एका छोट्या बॅच फाइलचा, म्हणजे ओळीने कमांड लिहिलेल्या मजकूर फाइलचा. तिच्या पहिल्या ओळीत सीडी कमांड, ‘/डी’ स्विच आणि पुढे दुहेरी अवतरणात टक्का-चिन्ह, टिल्ड, इंग्रजी छोटा डी, छोटा पी आणि शून्य ही पाच चिन्हे सलग लिहावीत. यामुळे बॅच फाइल ज्या फोल्डरात आहे तोच चालू फोल्डर होतो, मग ड्राइव्हचे अक्षर ई असो वा के. दुसऱ्या ओळीत इम्युलेटरची एक्झी आणि तिचे स्विच. पेनड्राइव्ह जोडताच हे आपोआप सुरू व्हावे अशी अपेक्षा ठेवू नये. विंडोज ७ पासून पेनड्राइव्हचे ऑटोरन बंद आहे.

मांडणी जमली का, हे तपासायला दुसरा संगणक लागत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन पेनड्राइव्हचे अक्षर बदलावे आणि इम्युलेटर पुन्हा चालवावा. कुठे अडले, तर सेटिंग्जची फाइल नोटपॅडमध्ये उघडून जुने अक्षर शोधावे. फोल्डरांची नावे छोटी आणि साध्या रोमन अक्षरांत ठेवलेली बरी. कित्येक जुने इम्युलेटर देवनागरी नाव असलेला पाथ उघडतच नाहीत.

जागा आणि फॉरमॅट

जागेची चिंता फारशी नसते. कमोडोर ६४ ची ३५ ट्रॅकची डी६४ इमेज १,७४,८४८ बाइटची, अमिगाची एडीएफ ९,०१,१२० बाइटची, तर ४८के झेडएक्स स्पेक्ट्रमचा एसएनए स्नॅपशॉट (यंत्राच्या मेमरीची त्या क्षणाची प्रत) अवघा ४९,१७९ बाइटचा. मात्र ३२ जीबीहून मोठा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये एक्सफॅटने फॉरमॅट केला, तर क्लस्टर (फाइलला मिळणारा जागेचा किमान तुकडा) एरवी १२८ केबीचा धरला जातो आणि तो स्नॅपशॉटही पुरे १२८ केबी अडवतो. हजारो छोट्या फायली असतील, तर फॉरमॅट करतानाच क्लस्टर लहान निवडावा, किंवा फायली झिपमध्ये ठेवाव्यात. बरेच इम्युलेटर झिप थेट वाचतात. फॅट३२ सर्वत्र चालते, पण त्यात ४ जीबीची फाइल मावत नाही. ही अडचण मोठ्या हार्डडिस्क इमेजपुरतीच.

लिनक्सवर फॅट३२ ची वेगळीच कुरकुर असते. त्यात फाइलला चालवण्याची परवानगी नोंदवायची सोय नाही, आणि बहुतेक डेस्कटॉप असा ड्राइव्ह जोडताना एक्झी, कॉम व बॅट यांखेरीज कोणतीही फाइल ‘चालवण्याजोगी’ मानत नाहीत. परिणामी ॲपइमेजवर (एकाच फाइलमधल्या लिनक्स प्रोग्रॅमवर) क्लिक केले तरी काही घडत नाही आणि परवानगी बदलण्याची कमांडही निष्फळ ठरते. प्रोग्रॅम होम फोल्डरमध्ये कॉपी करून चालवावा आणि डेटा पेनड्राइव्हवर ठेवावा, किंवा पेनड्राइव्हवर लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटचे दुसरे पार्टिशन करावे. मॅकओएस सिएरापासून (२०१६) इंटरनेटवरून उतरवलेले ॲप तात्पुरत्या, केवळ-वाचनीय पाथवरून चालवले जाऊ शकते, त्यामुळे शेजारचा रॉमचा फोल्डर त्याला दिसत नाही. फाइंडरमधून ते ॲप एकटेच दुसऱ्या फोल्डरात हलवले की हा अडथळा सहसा दूर होतो.

रॉम

स्पेक्ट्रमचे रॉम इम्युलेटरसोबत वाटायला अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने परवानगी दिलेली आहे. अमिगाचे किकस्टार्ट रॉम (अमिगा सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) मात्र विकत घ्यावे लागते. त्याला मुक्त पर्याय म्हणजे एआरओएस या अमिगासारख्या प्रणालीचे रॉम, पण त्यावर सगळे खेळ चालत नाहीत. किकस्टार्ट १.३ ची फाइल २,६२,१४४ बाइटची असते. ती २,६२,१५५ बाइटची दिसली, तर जास्तीचे ११ बाइट हे क्लोआंटो कंपनीच्या कूटबद्ध रॉमचे शीर्षक असते आणि सोबतची ‘रॉम की’ फाइल हवीच. पेनड्राइव्हवर कॉपी करताना नेमकी तीच मागे राहते.

लिहिणे आणि काढणे

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ ही मूळ सेटिंग आहे. तरीही इम्युलेटर चालू असताना पेनड्राइव्ह ओढू नये. आतला अमिगा हार्डडिस्क इमेजवर लिहीत असताना तुटला, तर विंडोजच्या लेखी सारे ठीक असते, पण अमिगाला ती डिस्क पुढच्या वेळी ‘नॉट व्हॅलिडेटेड’, म्हणजे अर्धवट लिहिलेली, दिसते. आधी आतल्या यंत्राचे लिहिणे थांबू द्यावे, मग इम्युलेटर बंद करावा, मग इजेक्ट. मूळ इमेजना ‘रीड-ओन्ली’ खूण करून खेळायला वेगळ्या प्रती ठेवाव्यात.

कमोडोर ६४ चा खेळ लोड व्हायला दोन मिनिटे लागली की पहिला संशय पेनड्राइव्हवर जातो, पण त्याचा यात दोष नाही. ‘ट्रू ड्राइव्ह’ चालू असेल, तर व्हाइस १५४१ फ्लॉपी ड्राइव्हचा वेगही इमानाने पाळतो, आणि तो सेकंदाला साधारण ४०० बाइट होता. ऑल्ट आणि डब्ल्यू दाबून वार्प मोड (वेगाची मर्यादा काढणारी सोय) लावावा. लोड झाल्यावर तो बंद करायला विसरले, तर खेळ नुसता उधळतो.