प्रोपेलर शाफ्ट, मागचा (उंची वाढवलेल्या गाडीतील)

चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या गाडीत ट्रान्स्फर केसमधून (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलांना वाटणाऱ्या गिअरपेटीतून) निघणारी फिरकी मागच्या ॲक्सलच्या पिनियनपर्यंत (ती ॲक्सलमध्ये घेणाऱ्या लहान दातेरी चाकापर्यंत) पोचवणारा पोकळ पोलादी दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे दांडे कोनात असतानाही फिरकी पुढे नेणारा चार टोकांचा सांधा असतो; तो दोन्हीकडून ज्या दुबेळक्यांत बसतो ते योक. एका टोकाशी खाचांवर मागेपुढे सरकणारा स्लिप योक असतो, कारण पाटे (ॲक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) दबले किंवा उघडले की ॲक्सल आणि ट्रान्स्फर केस यांतले अंतर बदलते. या दांड्याला संस्कृतोद्भव प्रतिशब्द घडवता येईल. पण गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही गराजात ‘शाफ्ट’ आणि ‘क्रॉस’ हेच शब्द चालतात, म्हणून प्रस्तुत नोंदीत तेच वापरले आहेत.

इतिहास : क्रॉसच्या सांध्याला यूरोपात ‘कार्डन’ म्हणतात. हे नाव जेरोलामो कार्दानो (१५०१–७६) या इटालियन गणितज्ञ-वैद्यावरून पडले, पण त्याचा आधार कच्चा आहे. कार्दानोने वर्णन केले ते एकात एक फिरणाऱ्या कड्यांच्या टांगणीचे, म्हणजे जहाजावरचे होकायंत्र किंवा दिवा ज्यात समतोल राहतो त्या रचनेचे. दोन दांडे जोडून फिरकी पुढे नेणाऱ्या सांध्याचे वर्णन त्याच्या लेखनात नाही. कड्यांची टांगणी तर त्याच्याही फार आधीची. बायझँटियमच्या फायलोने (इ. स. पू. तिसरे शतक) कुठल्याही बाजूवर ठेवली तरी न सांडणाऱ्या दौतीचे वर्णन केल्याचे सांगतात. तो उतारा मात्र केवळ अरबी भाषांतरातून उरला असल्याने काही अभ्यासक तो मागाहून घातलेला मानतात. चीनमध्ये डिंग ह्वान याने इ. स. १८० च्या सुमारास अंथरुणात ठेवता येईल अशी धूपदाणी याच तत्त्वावर केली, असे परंपरा सांगते.

फिरकी नेणाऱ्या सांध्याचे वर्णन गास्पार शॉट या जर्मन जेझुइटाच्या १६६४ च्या ग्रंथात येते. पण सांध्याच्या दोन्ही बाजू सारख्याच वेगाने फिरतात, अशी त्याची चुकीची समजूत होती. रॉबर्ट हूकने (१६३५–१७०३) ती दुरुस्त केली. सांधा वाकडा असेल तर एका बाजूचा दांडा एकसारखा फिरत असतानाही दुसरा दर फेऱ्यात दोनदा घाईने आणि दोनदा रेंगाळत फिरतो, हे त्याने १६७० च्या दशकात दाखवले. गंमत म्हणजे हूकला हा दोष उपयोगी वाटला, कारण सूर्यघड्याळावरच्या सावलीची असमान चाल या सांध्याने हुबेहूब साधता येत होती. पुढे १६८३ च्या सुमारास मधल्या दांड्याच्या दोन टोकांना दोन सांधे लावून एकाचा दोष दुसऱ्याने फेडायची युक्तीही त्यानेच सुचवली. इंग्रजी ग्रंथांतले ‘हूकचा सांधा’ हे नाव त्यामुळे ‘कार्डन’पेक्षा अधिक न्याय्य ठरते. मोटारीत हा सांधा रुळवण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील क्लॅरेन्स स्पायसर याला देतात. त्याचे पेटंट १९०३ चे.

कोनाचे गणित : सांध्याचा कोन १०° असेल तर पलीकडच्या दांड्याचा वेग सुमारे दीड टक्का खालीवर होतो, १५° ला साडेतीन टक्के, २०° ला सहा टक्के, आणि ३०° ला हा फरक १३ ते १५ टक्क्यांवर जातो. कोन दुप्पट झाला की दोष जवळजवळ चौपट होतो. उंची वाढवलेल्या गाडीची सगळी कुरकुर या वाढीत आहे.

समजा ट्रान्स्फर केस आणि पिनियन यांत आडवे अंतर ७० सेंमी. आणि उभा फरक १२ सेंमी. आहे. शाफ्टचा उतार ९·७° येतो. गाडी ७·५ सेंमी. उंचावली की तोच उतार १५·६° होतो आणि शाफ्टला सुमारे १·६ सेंमी. अधिक लांबी लागते. आडवे अंतर ११० सेंमी. असते तर उतार ६·२° वरून १०° वरच गेला असता. आखूड चाकअंतराच्या जिप्सी-जीपला उंचीचा त्रास आधी का जाणवतो, ते यावरून कळावे.

आता नेहमीचा घोटाळा. पाटे वा ठोकळे बदलून ॲक्सल सरळ खाली गेला तर पिनियन आणि ट्रान्स्फर केसचा दांडा एकमेकांना समांतरच राहतात. दोन्ही क्रॉसचे कोन वाढतात, पण सारखे वाढतात, आणि हूकच्या युक्तीप्रमाणे एकमेकांचा दोष फेडतात. तरीही ‘कोन फार दिसतो’ म्हणून पाट्याखाली पाचर (डिग्री शिम) घालून पिनियनचे नाक वर केले जाते. खालचा कोन कमी होतो, वरचा तसाच राहतो आणि थरथर सुरू होते. दोन साध्या क्रॉसच्या शाफ्टमध्ये कोन लहान असण्यापेक्षा दोन्ही सारखे असणे महत्त्वाचे, हे मत प्रस्तुत लेखकाला ग्राह्य वाटते. याच कारणासाठी स्लिप योक उपसून परत बसवताना जुनी खूण जुळवावी लागते. एक खाच चुकली तरी दोन्ही योक एका रेषेत राहत नाहीत.

पिनियन वर उचलणे योग्य ठरते ते वरच्या टोकाला दुहेरी क्रॉस (डबल कार्डन) असलेल्या शाफ्टला. त्यात वरचा जोड स्वतःचा दोष स्वतःच फेडतो, म्हणून पिनियन शाफ्टच्या रेषेत ठेवायचा असतो. पाट्यांच्या गाडीत मात्र त्या रेषेपेक्षा एक-दोन अंश खाली, कारण जोर लागला की पाटे पिळतात आणि पिनियन वर उठतो. अगदी शून्य कोनही बरा नव्हे. क्रॉसच्या टोकांवरच्या वाटीतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रूळ) फिरायच्या थांबल्या की एकाच जागी खाच पाडतात. पाचरीची जाड बाजू कुठे, हे ॲक्सल पाट्याच्या वर आहे की खाली यावर ठरते. पाटा ॲक्सलच्या वर असेल तर जाड बाजू मागे, खाली असेल तर पुढे. मूळ जिप्सीत पाटे ॲक्सलखाली असतात. ते वर घेतले की गाडी एकदम उंचावते, आणि नेमकी तेव्हाच जुन्या सवयीने पाचर उलटी बसते. नाक वर गेल्यावर पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत तेल कमी पोचते, म्हणून हाउसिंगमधली पातळी थोडी वाढवतात.

ट्रान्स्फर केस खाली उतरवणे हा स्वस्त उपाय समजला जातो. जिप्सीत ती गिअरबॉक्सपासून वेगळी, मध्ये आखूड शाफ्ट घेऊन बसलेली असते. ती उतरवली की मागचे दुखणे पुढच्या आखूड शाफ्टात जाते.

थरथरीचा उगम ओळखण्याची रीत सोपी आहे. २·२ मी. परिघाचा टायर आणि ४·१ चे फायनल गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे) असताना ताशी ६० किमी.ला शाफ्ट सेकंदाला सुमारे ३१ फेरे घेतो. दर फेऱ्याला एक धक्का असेल तर दोष बॅलन्सचा किंवा वाकलेल्या नळीचा, दोन असतील तर कोनाचा. कोन मोजताना गाडीचे वजन चाकांवरच असावे. जॅकवर लोंबणाऱ्या ॲक्सलचा कोन फसवा असतो. त्या स्थितीत तपासायचे ते स्लिप योकची पकड किती उरली एवढेच.

शाफ्ट मजबूत करताना जाड पत्र्याच्या नळीकडे ओढा असतो. १०० न्यूटन-मीटरच्या इंजिनाचा जोर पहिल्या गिअरच्या चौपट आणि लो रेंजच्या (ट्रान्स्फर केसमधल्या मंद गिअरच्या) अडीचपट गुणोत्तरातून शाफ्टवर १,००० न्यूटन-मीटर होतो, हे पाहता तो समजण्यासारखा आहे. मात्र शाफ्ट ज्या फेऱ्यांना झोके घेऊ लागतो ती मर्यादा वाढते नळीच्या व्यासाने. नुसत्या जाडीने नाही.

गोव्यात या शाफ्टचा कस लागतो तो वेगापेक्षा पाण्याने आणि मातीने. कुळ्याहून दूधसागरकडे जाणाऱ्या जीपगाड्या अभयारण्यातले ओहोळ ओलांडतात. पाणी क्रॉसच्या वाटीत शिरले की ग्रीस पांढरे पडते आणि जांभ्याची बारीक लाल माती सुयांना कानशीसारखी घासते. मलेशियात १९९७ पासून चालणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ मध्ये गोव्यात भर पावसाळ्यात सुरू झाली. तिथे हाच मारा काही दिवसांत होतो. निप्पल (ग्रीस भरायचे तोंड) असलेला क्रॉस पोकळ असल्याने ताकदीला किंचित कमी मानतात, तरी ओहोळातून जाणाऱ्या गाडीला तोच बरा. ग्रीस चारही वाट्यांतून स्वच्छ बाहेर येईपर्यंत भरायचे असते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत बदल नोंदणीकृत गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ कायम केला.