एकशे तेरा कोटी व्होल्ट

पॅनेलवरच्या मीटरच्या पडद्यावर 230 व्होल्ट व्यवस्थित दिसतायत. त्याच मीटरला दोन तारांनी जोडलेला ऊर्जा व्यवस्थापन कंट्रोलर मात्र दाखवतोय 1,13,07,58,144. मीटर बिघडलेला नाही, कंट्रोलरही नाही, आणि वायरमननेही काही चुकवलेलं नाही. आकडा मीटरमधून निघाला तसाच्या तसा पोचलाय, फक्त तो वाचायचा कसा हे कंट्रोलरला कुणी सांगितलेलं नाही.

मुळात असा कंट्रोलर लागतो कुणाला? साताऱ्याच्या, सातपूरच्या किंवा भोसरीच्या एमआयडीसीतला एखादा मध्यम कारखाना घ्या. महावितरणशी त्याची कंत्राटी मागणी, म्हणजे एका वेळी किती वीज खेचायची याची मर्यादा, ठरलेली असते, समजा 100 केव्हीए (केव्हीए हे वीज खेचण्याचं माप). महाराष्ट्रातल्या व्याख्येप्रमाणे कमाल मागणी म्हणजे लागोपाठच्या 30 मिनिटांत घेतलेल्या केव्हीएएचची (केव्हीए-तासांची) दुप्पट, थोडक्यात अर्ध्या तासाची सरासरी. महिनाभरातला असा एकच अर्धा तास हाताबाहेर गेला, तरी त्याचा भुर्दंड बिलात दिसतो. एखादं मशीन सुरू होताना क्षणभर करंट उसळला तर त्याने फार बिघडत नाही. खरी भानगड असते ती वीस मिनिटं सगळंच चालू राहण्याची.

त्या वीस मिनिटांत सरासरी 110 केव्हीए झाली, तर उरलेल्या दहा मिनिटांत 80 च्या वर जाऊन चालणार नाही. हा हिशेब सतत मांडत राहायचा आणि वेळेआधी एखादा कॉम्प्रेसर, चिलर किंवा ओव्हन थोडा वेळ बंद करायचा, एवढंच कंट्रोलरचं काम. अर्धवट कापलेला जॉब मशीनवर असताना सीएनसी (संगणकावर चालणारं कापकामाचं मशीन) बंद करायची नाही, आणि कॉम्प्रेसर एकदा बंद केला की काही मिनिटं परत लावायचा नाही, एवढं तारतम्य त्यात आधीच भरून ठेवावं लागतं.

पण हे सगळं कशाच्या जोरावर? मीटरच्या आकड्याच्या. महावितरणच्या मीटरला सील असतं, त्याला हात लावता येत नाही. त्यामुळे त्याच्या पुढे कारखान्याचा स्वतःचा वेगळा मीटर बसवतात आणि तो आरएस-485 या जोडणीने कंट्रोलरला जोडतात. एकमेकांत पिळलेल्या दोन तारा, एकीला ए म्हणतात, दुसरीला बी. एका मीटरवरून पुढच्या मीटरवर अशी ती साखळी 1200 मीटरपर्यंत नेता येते आणि नेहमीच्या चिपवर 32 उपकरणं तिच्यावर बसतात. दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर लावायचा, म्हणजे टोकावर आदळून सिग्नल उलटा परतत नाही. केबलची शिल्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थिंगला जोडायची, आणि व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलला चिकटवून ही केबल न्यायची नाही. कुठली तार ए आणि कुठली बी, यावर कंपन्यांचं अजून एकमत नाही. उत्तर येत नसेल तर तारा अदलाबदल करून बघावं, त्याने काही जळत नाही.

या तारांवरून बोलली जाणारी भाषा म्हणजे मॉडबस. मॉडिकॉन कंपनीने 1979 मध्ये आपल्या पीएलसीसाठी (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरसाठी) ती काढली आणि आजही ती जगभर चालते, कारण ती अतिशय साधी आहे. कंट्रोलर विचारतो, ‘क्रमांक 5, तुझ्या अमुक रजिस्टरपासून दोन रजिस्टर दे.’ रजिस्टर म्हणजे मीटरच्या मेमरीतला क्रमांक दिलेला कप्पा. हा प्रश्न 8 बाइटचा, उत्तर 9 बाइटचं. सेकंदाला 9600 बिटच्या वेगाने दोन्ही मिळून तारेवर 20 मिलिसेकंदही लागत नाहीत. शेवटच्या दोन बाइटमध्ये तपासणीचा अंक असतो, त्यामुळे वाटेत बिघडलेलं उत्तर ओळखू येतं आणि टाकून देता येतं.

एका रजिस्टरमध्ये 0 ते 65535 एवढाच आकडा मावतो. म्हणून मीटर 230.0 ही दशांश संख्या ठरलेल्या पद्धतीने 32 बिटांत बसवतो आणि दोन रजिस्टरमध्ये ठेवतो: पहिल्यात 17254, दुसऱ्यात 0. कंट्रोलरमध्ये ‘दशांश’ऐवजी ‘पूर्णांक’ निवडलं, की तो 17254 ला 65536 ने गुणतो आणि ते 113 कोटी समोर येतात. प्रकार बरोबर निवडला पण दोन रजिस्टरचा क्रम उलटला, तर उत्तर शून्याला चिकटतं. तक्त्यातले क्रमांक काही कंपन्या 0 पासून मोजतात, काही 1 पासून, म्हणून कधी शेजारचाच आकडा हाती येतो. रजिस्टरचा हा तक्ता माहितीपुस्तिकेच्या अगदी मागच्या पानांवर असतो आणि तिथवर सहसा कुणी जात नाही. ज्या मीटरसोबत नीट तक्ता मिळत नाही तो स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असं माझं मत आहे.

113 कोटींची चूक निदान दिसते तरी. पटण्याजोगे खोटे आकडे जास्त त्रास देतात, आणि ते बहुतेक सीटीतून येतात. केबलभोवतीचा हा करंट ट्रान्सफॉर्मर 200/5 चा असेल तर 200 अँपिअरचे 5 करून मीटरला देतो. म्हणजे गुणक 40. तो मीटरमध्ये भरलेला असताना कंट्रोलरमध्येही भरला, तर 60 किलोवॉटचे 2400 दिसतात. एका फेजचा सीटी उलटा बसला तर त्या फेजची पॉवर उणे होते आणि समतोल लोडवर एकूण बेरीज खऱ्याच्या एक तृतीयांश भरते. आर, वाय आणि बी या तीन फेजपैकी आर आणि वायचे सीटी एकमेकांच्या जागी गेले तर आणखी गंमत: करंट तिन्ही फेजला ठीक, व्होल्टेज ठीक, आणि एकूण किलोवॉट चक्क शून्य. पॉवर फॅक्टर 1 धरला, म्हणजे व्होल्टेज आणि करंट एकाच लयीत आहेत असं मानलं, तर आर आणि वाय खऱ्याच्या निम्म्याने उणे जातात, बी पूर्ण अधिक राहतो, आणि तिघांची बेरीज मिटते. म्हणून नुसती बेरीज बघून भागत नाही, एकेका फेजचे किलोवॉट वेगळे बघावे लागतात. हे दुरुस्त करताना लोड चालू असेल, तर सीटीच्या वायरी मीटरमधून सोडवण्याआधी शॉर्ट करायच्याच. उघड्या राहिल्या तर तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं.

आकडे जुळले की घड्याळ. महावितरणच्या मीटरचा अर्धा तास आणि कंट्रोलरचा अर्धा तास सात-आठ मिनिटांनी मागेपुढे असतील, तर कंट्रोलरच्या वहीत सगळं मर्यादेत राहतं आणि बिलात मात्र 100 ओलांडलेले असतात. दिवसभराचे युनिट दोन्ही मीटरवर ताडून बघताना घड्याळांतला हा फरकही बघून घ्यावा.

राहता राहिली एक गोष्ट. केबल सुटली तर कंट्रोलर काय करणार? काही कंट्रोलर शेवटचा आलेला आकडाच धरून बसतात. तो 85 असेल, तर पुढचे तीन तास त्यांच्या लेखी 85 च. ठराविक सेकंदांत नवं उत्तर आलं नाही तर जुना आकडा रद्द करून भोंगा वाजवायचा आणि बंद करता येण्यासारखे लोड आपणहून कमी करायचे, अशी सोय सेटिंगमध्ये शोधून चालू करावी. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करण्याआधी ठेकेदारासमोर ती केबल एकदा उपसून बघावी.