पूलबेगची भट्टी आणि आयर्लंडचे ग्रीन मंत्री

आयर्लंडच्या पर्यावरणवादी ग्रीन पक्षाचे जॉन गॉर्मली 1991 साली डब्लिनच्या महापालिकेवर निवडून आले आणि 1994-95 मध्ये महापौर झाले. त्या पदावर बसलेले ग्रीन पक्षाचे ते पहिलेच. 1997 मध्ये मोजणी दिवसेंदिवस लांबली आणि अवघ्या 27 मतांनी ते संसदेत पोहोचले. 2007 च्या निवडणुकीत पक्षाला सहा जागा मिळाल्या व सत्तेत जाण्याची संधी आली. फिआना फॉल या मोठ्या पक्षाबरोबर सरकारमध्ये आपण पक्षाला नेणार नाही, असे तेव्हाचे पक्षाध्यक्ष ट्रेव्हर सार्जंट यांनी जाहीर सांगितले होते. पक्ष सरकारमध्ये गेला, पण सार्जंट यांनी शब्द पाळला, अध्यक्षपद सोडले. गॉर्मली पर्यावरण व स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री झाले आणि पुढच्याच महिन्यात पक्षाध्यक्षही.

त्यांच्या मंत्रिपदाची चर्चा आजही डब्लिनमधल्या रिंग्सएंडजवळच्या पूलबेगला येऊन थांबते. शहराचा कचरा जाळण्यासाठी वर्षाला 6 लाख टन क्षमतेचा इन्सिनरेटर, म्हणजे भट्टी, त्यांच्याच मतदारसंघात ठरला होता. त्यांनी अनेक वर्षे त्याला विरोध केला होता. मग खाते हाती असताना तो थांबला का नाही?

उत्तर ते मंत्री होण्याआधीच्या कायद्यांत आहे. डब्लिनचा महापौर मानाचा धनी; कारभार तेव्हा मॅनेजर या अधिकाऱ्याच्या हाती, जवळपास आपल्याकडच्या महापालिका आयुक्तांसारखा. कचरा व्यवस्थापनाचा आराखडा मंजूर करणे हे नगरसेवकांचे काम होते. पण देशात अनेक ठिकाणी नगरसेवक भट्ट्यांना नकार देऊ लागले, तेव्हा 2001 च्या कायदादुरुस्तीने तो अधिकार मॅनेजरकडे दिला गेला. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत गंभीर निर्णय हाच, आणि त्यावर सर्वांत कमी बोलले गेले. लोकांनी निवडून दिलेल्यांचा नकार नको होता, म्हणून नकाराचा हक्कच काढून घेतला. दुसरीकडे 2000 च्या नियोजन कायद्याने एखाद्या विशिष्ट परवानगीच्या प्रकरणात मंत्र्याला ढवळाढवळ करण्यास मनाई केली होती. ही मनाई योग्यच आहे. मंत्र्यांच्या मेहेरबानीवर बांधकामे मंजूर होण्याचे दिवस त्या देशाने पाहिले होते. पण दोन्ही कायदे एकत्र आले तेव्हा नगरसेवकाला आवाज उरला नाही आणि मंत्र्यालाही हात घालता येईना.

नोव्हेंबर 2007 मध्ये बांधकाम परवानग्यांवर निर्णय देणाऱ्या अपील मंडळाने प्रकल्पाला परवानगी दिली. करारात महापालिकेने दरवर्षी ठरावीक कचरा पुरवायचा, नाही तर भरपाई द्यायची, अशी अट होती. कचरा कमी करणाऱ्या शहरालाच दंड बसेल, हा गॉर्मलींचा आक्षेप रास्त होता. त्यांनी धोरणाचा आढावा मागवला, जाळायच्या कचऱ्यावर मर्यादा सुचवली. भट्टी थंड ठेवण्याच्या पाण्यासाठी लागणारा किनाऱ्याचा परवाना त्यांच्या खात्यात अडकला आणि 2010 मध्ये काम थांबले. विरोधकांनी म्हटले, मंत्री आपला मतदारसंघ सांभाळत आहेत. हा आरोप अगदीच निराधार म्हणता येत नाही, तरी करारातील अटींबद्दलच्या प्रश्नांना तो उत्तर ठरत नाही.

नव्या घरांच्या ऊर्जावापराचे निकष 40 टक्क्यांनी कडक झाले, मोटारींचा कर कार्बन उत्सर्जनाशी जोडला गेला, ही कामे याच काळातली. ती बाजूला पडली, कारण सप्टेंबर 2008 च्या एका रात्री सरकारने बँकांची सुमारे 440 अब्ज युरोंची हमी घेतली. गॉर्मलींची संमती मध्यरात्रीनंतर फोनवर घेतली गेली. नोव्हेंबर 2010 मध्ये पक्षाने लवकर निवडणुकीची मागणी केली, जानेवारी 2011 मध्ये सरकार सोडले आणि फेब्रुवारीत सहाही जागा गमावल्या. त्यात गॉर्मलींचीही होती.

भट्टीचे काम 2014 मध्ये पुन्हा सुरू झाले आणि 2017 पासून ती जळू लागली. 2014 च्याच कायद्याने मॅनेजर हे पदनाम जाऊन ‘मुख्य कार्यकारी’ आले. कचरा आराखड्याचा अधिकार नगरसेवकांकडे परत आला नाही.