जोडगोळी आणि जळगावचं ऊन

गेल्या चैत्रात आप्पांच्या नैराश्याच्या गोळीला डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडून दिली, तेव्हा यावलच्या घरात पहिला प्रश्न निघाला, "म्हणजे पहिली फुकट गेली का?"

फुकट जात नाही. पहिल्याच औषधाने नैराश्य पुरतं हटतं ते साधारण तिघांत एकाचं, असं 'स्टार-डी' या मोठ्या अमेरिकी अभ्यासात २००६ साली दिसलं. बाकीच्यांना थोडा उतार पडतो किंवा काहीच पडत नाही. मग डॉक्टर आधी साध्या गोष्टी तपासतात. डोस पुरेसा होता का, चार-सहा आठवडे नेमाने घेतला का, थायरॉईड बिघडलाय का, संध्याकाळची दारू चालू आहे का. यातलं शेवटचं घरचे सहसा सांगत नाहीत.

जोड म्हणून काय देतात? ॲरिपिप्राझोलसारखं औषध कमी डोसात देतात. ते स्किझोफ्रेनियाचंही असल्याने चिठ्ठी वाचून लोक हबकतात. खरा त्रास झाला तर तो बहुधा एका जागी बसवत नाही असा असतो. जोड गोळीचीच हवी असंही नाही. ब्रिटनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ४६९ रुग्णांच्या चाचणीत औषधासोबत विचार-वर्तन उपचार, म्हणजे बोलण्यातून विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारे उपचार, मिळालेल्यांपैकी ४६ टक्क्यांची लक्षणं सहा महिन्यांत निम्म्याने तरी घटली. नेहमीचेच उपचार चालू असलेल्यांत हा आकडा २२ टक्के होता. आपल्याकडे असा समुपदेशक तालुक्याला शोधावा लागतो, हे दुखणं वेगळंच.

आप्पांना मिळालं लिथियम. उन्मादावर त्याचा उपयोग ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ साली दाखवला. १९८१ साली माँट्रियलच्या द मोंतिनी यांनी नैराश्याच्या आठ रुग्णांच्या चालू औषधात ते मिसळलं, आणि दोन दिवसांत फरक दिसला. एरवी आठवडे लागतात.

लिथियमचं रक्तातलं प्रमाण लिटरला ०.६ ते ०.८ मिलिमोलच्या आसपास ठेवतात, १.५ च्या पुढे ते विषारी ठरू लागतं. म्हणजे वाट अरुंद. त्यात मूत्रपिंडाला लिथियम आणि मिठातलं सोडियम यांतला फरक नीट कळत नाही. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात केळीच्या बागेत घाम गळला, की शरीर सोडियम धरून ठेवू पाहतं आणि सोबत लिथियमही धरून ठेवतं. जुलाब, निर्जळी उपवास, कुणाच्या सांगण्यावरून एकदम मीठ सोडणं, यानेही तेच होतं. अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळीही प्रमाण वाढवते. हात जोरात थरथरणं, उलट्या, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं तर पुढचा डोस न देता लगेच दवाखाना गाठायचा.

आप्पांची गोळी रात्री नऊची. रक्त बारा तासांनी द्यायचं असतं, म्हणून तपासणीच्या दिवशी ते सकाळच्या एसटीने जळगावला निघतात. काकू पिशवीत पाण्याची बाटली कोंबतात, आणि आता ताकात मीठ घालताना डॉक्टरांचं नाव घेतात.