संघ बदलला म्हणजे ट्रेड झाला असे नव्हे

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सुट्टीत माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र जमले की टीव्हीवर एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगवरची ईए कंपनीची व्हिडिओ गेम मालिका सुरू होते. ही मालिका संगणकासाठी एनएचएल 09 नंतर आलीच नाही, त्यामुळे तिघांची ‘बी अ प्रो’ कारकीर्द, म्हणजे एकच खेळाडू घेऊन खेळायचा प्रकार, एकाच प्लेस्टेशनवर पाळीपाळीने चालते. मागच्या महिन्यात एकाच संध्याकाळी तिघांनीही ‘माझा ट्रेड झाला’ असे जाहीर केले. चौकशी केल्यावर कळले, की पहिल्याचा करार संपून त्याने दुसऱ्या संघाशी नवा करार केला होता, दुसऱ्याला त्याच्याच संघाने खालच्या लीगमध्ये पाठवले होते, आणि फक्त भाच्याचा खरोखर ट्रेड झाला होता. गोष्टी तीन आणि शब्द एकच, हा घोळ ऐकून ऐकून मी कंटाळलो आहे.

आयपीएल सगळ्यांना पाठ असल्यामुळे लिलाव, रिटेन आणि रिलीज समजावत बसत नाही. मात्र नेमके तिथूनच दोन गैरसमज येतात: ट्रेड म्हणजे विक्री, आणि ट्रेड खेळाडूला विचारूनच होतो. आपल्या बडोद्याचा हार्दिक पंड्या नोव्हेंबर 2023 मध्ये गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे गेला तो ट्रेडनेच, पण त्या व्यवहारात बदल्यात खेळाडू न येता फक्त पैसे आले, आणि आयपीएलच्या ट्रेडला खेळाडूची संमती लागते. एनएचएलमध्ये साधारणपणे खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा ड्राफ्टमधले, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले, निवडीचे हक्क दिले जातात, आणि करारात तसे कलम नसेल तर खेळाडूला कोणी विचारत नाही.

आता मुख्य मुद्दा. ट्रेडमध्ये चालू करार एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे जातो आणि खेळाडू त्या करारासोबत जातो. फ्री एजन्सीत जुना करार संपलेला असतो, जुन्या संघाचा खेळाडूवर हक्क उरलेला नसतो, आणि खेळाडू स्वतः वाटाघाटी करून नव्या कागदावर सही करतो. 9 ऑगस्ट 1988 रोजी एडमंटन ऑयलर्सने वेन ग्रेट्स्कीला आणखी दोन खेळाडूंसह लॉस एंजेलिस किंग्जकडे पाठवले, तेव्हा एडमंटनला जिमी कार्सन आणि मार्टिन जेलिना हे खेळाडू, ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि 1.5 कोटी डॉलर मिळाले. याउलट 1 जुलै 2018 रोजी जॉन टवारेस न्यूयॉर्क आयलंडर्स सोडून टोरंटोला गेला आणि त्याने सात वर्षांचा 7.7 कोटी डॉलरचा नवा करार केला, तेव्हा आयलंडर्सच्या हाती काहीच पडले नाही. तरीही ‘टवारेसचा टोरंटोला ट्रेड झाला’ असे म्हणणारे भेटतात, आणि त्यांच्याशी पुढे बोलण्याचा माझा उत्साहच मावळतो.

आपल्याकडे बँकेत नोकरी केलेल्यांच्या घरात हे समजायला जड जाऊ नये. बडोद्याहून भुजला बदली झाली म्हणून कोणी पगार ठरवायला नव्याने बसत नाही. श्रेणी तीच, सेवेची वर्षे तीच, फक्त खुर्ची वेगळी. राजीनामा देऊन दुसरीकडे रुजू होताना मात्र आकड्यावर घासाघीस करता येते. उपमा एका ठिकाणी तोकडी पडते: बदलीत मालक तोच राहतो, ट्रेडमध्ये मालक बदलतो आणि नेमणुकीचा कागद तोच राहतो.

भाच्याला हे पटायला पुरावा लागला. ट्रेडची मागणी करण्यापूर्वी त्याने आपल्या पगाराचा आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहून ठेवला होता, कारण नव्या संघात किती वाढतो ते त्याला पाहायचे होते. नॅशव्हिलला गेल्यावर त्याने कराराचे पान उघडले आणि कॅलेंडरकडे दोनदा पाहिले. आकडा तोच होता, उरलेली वर्षेही तीच. ‘मामा, ट्रेड झाला तरी पगार का नाही वाढला?’ हा त्याचा प्रश्नच या लेखाचे निमित्त. प्रशिक्षक तुम्हाला चौथ्या लाइनवर, म्हणजे सर्वात कमी वेळ खेळणाऱ्या आक्रमक खेळाडूंच्या गटात, बसवून ठेवत असेल आणि बर्फावर जास्त वेळ हवा असेल, तर ट्रेड मागणे योग्य आहे. पगार वाढवून हवा असेल किंवा संघ स्वतः निवडायचा असेल, तर ट्रेड मागू नये. करार पुरा होऊ द्यावा आणि त्या हंगामात जमतील तेवढे गुण मिळवावेत.

यातही एक खाच आहे. पहिला करार संपला की आपण मोकळे झालो, असे समजू नये. 18 ते 21 या वयात सही केलेला प्रवेशाचा करार तीन वर्षांचा असतो, आणि तो संपल्यावरही नियमानुसार प्रस्ताव देऊन संघ आपला हक्क राखू शकतो. पूर्ण मोकळीक साधारणपणे वयाच्या 27 व्या वर्षी किंवा सात हंगामांनंतर मिळते. मॅथ्यू टकाचक 2022 मध्ये याच मधल्या अवस्थेत होता. कॅल्गरीने आधी त्याच्याशी आठ वर्षांचा 7.6 कोटी डॉलरचा करार केला आणि लगेच तो करार फ्लोरिडाकडे ट्रेड केला, कारण तेव्हाच्या नियमाने आठ वर्षे फक्त स्वतःचा संघ देऊ शकत होता, बाहेरच्याला सातच देता येत. इथे कोणी गोंधळला तर मी रागावत नाही.

संमतीचे कलम किती मोलाचे असते हे पी. के. सुबानच्या उदाहरणावरून कळते. माँट्रियलशी झालेल्या त्याच्या करारातले हे कलम 1 जुलै 2016 पासून लागू होणार होते. 29 जूनला संघाने त्याला शे वेबरच्या बदल्यात नॅशव्हिलला पाठवून दिले.

खालच्या लीगमध्ये पाठवणे हा ट्रेड नाही, एवढे सांगितले तरी पुरे. दुसऱ्या मुलाचा संघ एडमंटन असल्यामुळे तो कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला पोहोचला. देश, शहर आणि जर्सी सगळेच बदलल्याने तो फसला. पण बेकर्सफील्ड हा एडमंटनचाच जोडसंघ आहे आणि त्याच्यावरचा हक्कही एडमंटनकडेच आहे. राहता राहिला ‘विकला’ हा शब्द. तो आमच्या घरात मी बंद केला आहे, कारण बहुतेक ट्रेडमध्ये पैशांचा संबंध नसतो.

भाच्याचा करार पुढच्या 30 जूनला संपेल. तोवर त्याला नॅशव्हिलच्या तिसऱ्या लाइनवर, कालनिर्णयावर लिहिलेल्या त्याच पगारात खेळायचे आहे, आणि ट्रेडची मागणी पुन्हा करायची नाही असे त्याने ठरवले आहे.