पार्श्वभूमी : 'वर्शिप'ला किती मिनिटं?

नाशिकमधल्या चर्चमध्ये तरुण मुलंमुली गिटार, कीबोर्ड आणि ड्रम घेऊन पुढे उभी राहतात, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. शरणपूर रस्ता, नाशिक रोड, देवळाली, सातपूर, सिडको, कुठेही रविवारी सकाळी लवकर गेलात तर माइक तपासण्याचा आवाज कानावर येतो. तरीही मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, वार्षिक सभेत हा विषय निघाला की आवाज चढतात. वरवर पाहता भांडण वाद्यांचं असतं. पण मी ते जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा ते शेवटी एका शब्दावर येऊन अडकलं. तो शब्द म्हणजे 'वर्शिप'.

मागचा इतिहास थोडक्यात. शरणपूरची ख्रिस्ती वसाहत १८५० च्या दशकात उभी राहिली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहिली, शिकली, आणि १८७० च्या दशकात त्यांच्यातली अनेक जण मोंबासाकडे गेली. म्हणजे नाशिकच्या उपासनेत सुरुवातीपासूनच एकाहून अधिक भाषांचे गळे होते. 'आपली मूळ पद्धत' असं छातीठोकपणे म्हणताना हे विसरलं जातं. त्या काळात गायली जाणारी बरीचशी गीतं इंग्रजी गीतांची भाषांतरं होती. चाल विलायती, शब्द मराठी, आणि मधल्यामध्ये मात्रांची ओढाताण.

ती ओढाताण सोडवली कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा आणि १९१९ मध्ये निधन, मधली जेमतेम चोवीस वर्षं. तेवढ्यात त्यांनी ओवी, अभंग आणि भजन चर्चच्या दारातून आत आणलं. नाशिकला हे नातं घरचं आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर जवळच्या जलालपूरचं, आणि १९३६ मध्ये त्यांनी डोळे मिटले तेही नाशिकलाच. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडलं की आजही जागोजागी टिळकांचीच गीतं भेटतात. पण टिळकांची भजनं त्यांच्या काळात नवीन होती, हे त्यांचा दाखला देणारे सहसा सांगत नाहीत. टाळ-मृदंगाचा ठेका 'इतर लोकांचा' आहे, तो वेदीसमोर कशाला, हा प्रश्न त्या पिढीलाही सोडवावा लागला होता.

पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचंही तसंच. आज आमच्या ज्येष्ठांना पेटी म्हणजे परंपरा वाटते. मुळात हार्मोनियम फ्रान्सची, पेटंट १८४२ चं. मिशनऱ्यांबरोबर ती इकडे आली. मांडी घालून एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या, हे रूप तिला १८७५ च्या सुमारास कलकत्त्यात मिळालं. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला परकी ठरवून बंदी घातली आणि ती सत्तरच्या दशकात सैल केली. म्हणजे रेडिओवर पेटी चालत नव्हती तेव्हाही मराठी उपासनेत ती घरच्यासारखी नांदत होती. वाद्य बाहेरून येतं आणि दोन पिढ्यांत आपलं होतं, हे आपल्याच चर्चने दाखवून दिलेलं आहे.

ज्याला आज 'कंटेम्पररी' म्हणतात ते गाणं साठच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं. हिप्पी तरुणांना दार उघडणाऱ्या एका चर्चमध्ये मुलं आपापल्या गिटारी घेऊन आली, आणि १९७१ मध्ये त्या गाण्यांसाठी स्वतंत्र रेकॉर्ड कंपनी निघाली. १९८३ मध्ये सिडनीत सुरू झालेल्या एका चर्चने पुढे याच धाटणीची गाणी जगभर नेली. इकडे कॅथलिक बाजूला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या दस्तऐवजाने लोकभाषेला आणि स्थानिक संगीताला वाट करून दिली. उत्तर भारतातली प्रोटेस्टंट मंडळ्यांची मोठी एकजूट १९७० मध्ये नागपुरात झाली. नाशिकला अँग्लिकन बिशपची गादी १९२९ पासूनच होती, कॅथलिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यातून वेगळा झाला. या सगळ्या मोठ्या घटना, पण आमच्या बाकांपर्यंत त्यांचा आवाज फार उशिरा पोचला.

तो पोचला नव्वदच्या दशकात, कॅसेटवरून. नाशिक रोडच्या नोटा-तिकिटांच्या छापखान्यांमुळे आणि १९६४ पासून ओझरच्या विमान कारखान्यामुळे शहरात केरळ-तामिळनाडूतली ख्रिस्ती कुटुंबं आलेली होतीच. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींनी त्यात भर घातली. या मंडळींच्या घरांत आणि भाड्याच्या हॉलमध्ये संध्याकाळच्या प्रार्थना भरत. तिथे हिंदी गाणी, टाळ्या, वर केलेले हात आणि कॅसिओचा कीबोर्ड. आमच्यासारखी मुलं सकाळी आईवडिलांबरोबर उपासनेला जात आणि संध्याकाळी सायकलवरून 'मीटिंग'ला. सकाळी पेटीवर काळी चारचा सूर, संध्याकाळी ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर आठ ठोक्यांचा ताल. घरी हे लपून राहत नसे. वडीलधाऱ्यांना गिटारची भीती नव्हती, मूल कायमचं तिकडे जाईल याची होती, आणि ती भीती खरीही होती. बरीच मुलं गेली.

या भीतीतून अनेक मंडळ्यांनी जो तोडगा काढला तोच पुढे वादाचं मूळ ठरला. महिन्यातून एक रविवार तरुणांचा. त्या दिवशी पेटी बाजूला, क्वायरला सुट्टी, पुढे तरुण संघ. निर्णय घेणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि त्यामुळे कितीतरी मुलं टिकली, हे नाकारता येत नाही. तरी माझं मत असं की तो तोडगा चुकला. एका छताखाली दोन गाणाऱ्या टोळ्या झाल्या. पेटीवाले काका आणि गिटारवाला मुलगा कधी एकत्र तालमीला बसलेच नाहीत. काकांना कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचा सुरांचा गट, कळला नाही, मुलाला भजनी ठेका. पुढची वीस वर्षं दोघंही एकमेकांच्या रविवारी मागच्या बाकावर बसून राहिले.

आणि याच काळात शब्द घसरला.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी रविवारच्या एकत्र येण्याला 'उपासना' किंवा 'भक्ती' हे शब्द होते. "भक्तीला गेला होतात का?" असं आजही विचारतात. या शब्दांत सगळं येतं: पापांगीकार म्हणजे पापांची कबुली, वाचन, गीतं, उपदेश, अर्पण, प्रभुभोजन, आशीर्वाद. योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीशी झालेल्या संभाषणात मराठी बायबलने 'उपासना' हाच शब्द योजला आहे. हिंदी बायबलच्या जुन्या आवृत्तीत त्या ठिकाणी 'भजन' होतं, नंतरच्या सुधारित आवृत्तीत 'आराधना' आलं. संध्याकाळच्या प्रार्थनांमध्ये हिंदी गाण्यांबरोबर 'आराधना' मराठीतही शिरली, पण आकसून. 'स्तुती-आराधना' अशी जोडी झाली. स्तुती म्हणजे सुरुवातीची जलद, टाळ्यांची गाणी. आराधना म्हणजे त्यानंतरची संथ, डोळे मिटून गायची. मग या दोन्हींना मिळून 'वर्शिप' म्हणू लागले, आणि शेवटी 'वर्शिप' म्हणजे बँड वाजवतो तो भाग, एवढाच अर्थ उरला. वर्शिप टीम, वर्शिप लीडर, वर्शिप नाइट.

एका सभेतला प्रसंग मला अजून जसाच्या तसा आठवतो. विशीतल्या एका मुलीने हात वर करून अदबीने मागणी केली, "पाळक साहेब, वर्शिपला पंचवीस मिनिटं मिळावीत." निवृत्त शिक्षक असलेले एक वडीलजन उठले आणि म्हणाले, "बाळ, दीड तास आपण उपासनाच करतो. त्यातली पंचवीस मिनिटं मागतेस, मग उरलेल्या वेळात काय करतो म्हणायचं?" ती मुलगी रडवेली झाली. तिने गाण्यासाठी वेळ मागितला होता, त्यांना वाटलं ती बाकीची उपासना मोडीत काढते आहे. दोघंही आपापल्या अर्थाने बरोबर होते. इतिवृत्तात मात्र लिहिलं गेलं, 'वर्शिपच्या वेळेबाबत मतभेद झाले.' कुठल्या वर्शिपच्या, हे इतिवृत्तात नाही.

गुंता इथे संपत नाही. जुन्या मंडळ्यांत 'वर्शिप कमिटी' ही फार आधीपासून होती. उपासनेचा क्रम ठरवणं, वाचकांची यादी लावणं, प्रभुभोजनाची तयारी पाहणं हे तिचं काम. आता त्याच नावाच्या कमिटीत तरुण जातात ते स्पीकर आणि मॉनिटरची मागणी घेऊन, आणि आधीचे सभासद गोंधळतात. कॅथलिक बाजूला हा घोळ फारसा झाला नाही, याचं कारण मला शब्दातच दिसतं. 'मिस्सा' हा तिथल्या मुख्य उपासनेचा शब्द इतका पक्का आहे की गाणं त्याची जागा घेऊ शकत नाही. तिथे गाणारे ते गायनवृंद. १९६७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या, पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या कॅथलिक करिश्माई चळवळीच्या प्रार्थनासभा इथे आल्या तेव्हा स्तुती-आराधना आली, पण ती मिस्सेच्या बाहेरची म्हणून ओळखली गेली. प्रोटेस्टंट मराठीत 'उपासना' हा तितकाच भक्कम शब्द होता. आपण तो वापरायचं सोडलं आणि मग तरुणांना दोष दिला. मुलांनी जो शब्द ऐकला तो उचलला.

शब्दाबरोबर भाषाही सरकली, आणि मला याचं दुःख जास्त आहे. तरुणांच्या रविवारी आठ गाण्यांपैकी सहा हिंदी, एक इंग्रजी आणि एक मराठी, हे चित्र नेहमीचं. आळस हे त्याचं कारण नाही. या गाण्यांच्या ओळी इंग्रजी बोलण्याच्या आघातांवर बेतलेल्या असतात आणि पुष्कळदा एका ठसठशीत अक्षरावर संपतात. हिंदीतला 'है' एका ठोक्यात बसतो. मराठीतल्या 'आहे'ला दोन लागतात, 'आहेस'ला तर त्याहून जास्त जागा. मग भाषांतर करणारा क्रियापदच गाळतो, 'योग्य तू, पवित्र तू' अशी तुटक मराठी तयार होते, आणि आजीला ती गाताना काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. टिळकांनी उलटा रस्ता धरला होता. आधी मराठीचा छंद, मग त्याला साजेशी चाल. 'आहे' ओवीत आणि अभंगात कसा सहज मावतो ते पाहा. नव्या चालीत मराठी बसत नाही असं जी मुलं म्हणतात, त्यांनी चाल मराठीतून सुरू करून पाहिलेली नसते.

भाषांतराला आणखी एक बाजू आहे. परदेशी गाण्यांवर हक्क असतात. चर्चसाठी परवाने देण्याची मोठी व्यवस्था १९८८ पासून अमेरिकेत आहे, पण भाषांतर करून ध्वनिमुद्रण लोकांसमोर आणायचं तर मालकाची परवानगी वेगळी लागते. टिळकांच्या शब्दांवरचा हक्क केव्हाच संपलेला आहे. त्यांना नवी चाल लावायला, गिटारवर बसवायला कुणाला विचारावं लागत नाही. शब्दांचा एवढा मोठा साठा मोकळा पडून आहे, हे तरुणांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मार्च २०२० नंतर चर्चची दारं बंद झाली तेव्हा चित्र झपाट्याने बदललं. मोबाइलवरून उपासना पोचवायची तर मिक्सर, केबल, कॅमेरा कुणाला कळतो? मागच्या बाकावरच्या मुलांना. कालपर्यंत ज्यांना 'आवाज कमी करा' एवढंच ऐकायला मिळत होतं, त्यांच्याशिवाय रविवार होईना. दारं उघडल्यावर त्यांना पुन्हा महिन्यातल्या एका रविवारात कोंबणं कुणालाच जमलं नाही. पडद्यावर शब्द दिसू लागले, पुस्तकं पिशवीतच राहू लागली. ज्येष्ठांना हेही सलतं. हातात पुस्तक असलं की नंबर ऐकल्याबरोबर पान सापडायचं, पडद्यावर पुढची ओळ येईपर्यंत थांबावं लागतं.

गेल्या काही वर्षांत मात्र काही मंडळ्यांत एक छोटी गोष्ट घडते आहे. शनिवारी संध्याकाळच्या तालमीला पेटीवाल्यांनाही बोलावतात. पहिला तास फक्त स्वर जुळवण्यात जातो. काका म्हणतात काळी चार, मुलगा मनात हिशोब करून म्हणतो जी शार्प, आणि गिटारच्या पहिल्या पट्टीवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून जीच्या आकारात वाजवतो. ड्रमवाल्याला भजनी ठेका हाय-हॅटवर बसवायला दोन-तीन शनिवार लागतात. भैरवीतल्या गीताला कॉर्ड कुठले लावायचे यावर खरी अडचण येते, कारण कोमल रिषभ आला की पाश्चात्त्य कॉर्डची नेहमीची साखळी तुटते. मागच्या महिन्यात अशाच एका तालमीत मी बसलो होतो. तीन वेळा कॉर्ड बदलून पाहिले, एकही जमेना. शेवटी कीबोर्डवरच्या मुलीने सुचवलं की त्या ओळीला कॉर्ड नकोच, नुसता षड्ज धरून ठेवू. काकांनी भाता ओढला, तिने खालचा सा दाबून धरला, आणि ती ओळ गिटारशिवाय पुढे गेली.